प्रस्तावना : चित्र कुणाकुणाला दिसतं?

एआर हेडसेटबद्दल आपल्याकडे दोनच मतं ऐकू येतात. एक, आता शेतात उभं राहून पिकाकडे नुसतं पाहिलं की रोग, औषध, बाजारभाव सगळं डोळ्यांपुढे येणार. दुसरं, मोबाइलनं पोरं हातची घालवलीच होती, आता हे डोक्यावर बसणार. हिंगोली जिल्ह्यातल्या आमच्या पुसेगावच्या बसथांब्यावर दोन्ही मतांची माणसं एकाच बाकावर सापडतात, आणि ते यंत्र दोघांपैकी कुणीच पाहिलेलं नसतं. पुण्या-मुंबईत फार वेगळं आहे असं नाही. तिथं एवढंच, की दोघांनीही त्याच्या जाहिराती पाहिलेल्या असतात. थोडक्यात, आपला उत्साहही उधारीचा आणि शंकाही उधारीच्या. मराठीत या विषयावर सलग, समजून-उमजून लिहिलेलं पुस्तक हवं होतं ते म्हणूनच.

पुस्तकाचा लेखक माझा जुना विद्यार्थी. सेनगाव तालुक्यात मी आयुष्यभर विज्ञान शिकवलं, त्याच भरवशावर त्यानं प्रस्तावनेचं काम माझ्या गळ्यात घातलं. मी या क्षेत्रातला जाणकार नाही. पण प्रकाश, भिंग आणि प्रतिमा हा धडा पिढ्यान्‌पिढ्या शिकवलेला आहे, आणि हे सगळं प्रकरण शेवटी त्याच धड्यात येऊन बसतं.

आधी विषयाची हद्द सांगायला हवी, कारण घोटाळा इथंच होतो. व्हीआर, म्हणजे आभासी वास्तव, तुम्हाला समोरच्या जगातून उचलून दुसऱ्याच जगात ठेवतं. एआर, म्हणजे संवर्धित वास्तव, तुम्हाला आहात तिथंच ठेवतं आणि तिथल्या वस्तूंवर काहीतरी जास्तीचं मांडतं. रोनाल्ड अझुमा या संशोधकानं 1997 साली याच्या तीन अटी घातल्या, त्या आजही प्रमाण मानल्या जातात : खरं आणि कृत्रिम एकत्र दिसलं पाहिजे, ते त्याच क्षणी प्रतिसाद देणारं हवं, आणि कृत्रिम वस्तू खऱ्या जागेत तिन्ही मितींमध्ये नेमकी बसली पाहिजे. पहिल्या दोन अटी तुमच्या हातातला मोबाइलही बऱ्यापैकी पाळतो. सगळी झटापट आहे ती तिसरीशी. तुम्ही मान वळवली तरी टेबलावर ठेवलेलं खोटं फुलपात्र टेबलावरच राहिलं पाहिजे. त्यासाठी यंत्राला क्षणोक्षणी कॅमेऱ्यांतून खोलीचा नकाशा काढावा लागतो, त्या नकाशात स्वतःची जागा शोधावी लागते आणि चित्र नव्यानं काढावं लागतं. हे सगळं साधारण 20 मिलिसेकंदांच्या आत उरकलं नाही, तर फुलपात्र टेबलावरून घसरल्यासारखं वाटतं, आणि काहींना मळमळायलाही लागतं.

हे स्वप्न नवं नाही. 1968 साली हार्वर्ड विद्यापीठात आयव्हन सदरलँड यांनी पहिलं असं यंत्र बांधलं. ते जड होतं, छताला टांगलेलं असे आणि पाहणाऱ्यानं त्याच्याखाली जाऊन डोकं घालायचं. दिसायचं काय, तर तारेनं वळवल्यासारखा एक घन, हवेत तरंगणारा. पण माणूस त्याच्याभोवती फिरला की घनाची दुसरी बाजू दिसे. पुढची पन्नास-पंचावन्न वर्षं त्या छताला टांगलेल्या यंत्राचं वजन उतरवण्यात गेली, असं म्हटलं तरी फार अतिशयोक्ती होणार नाही.

ज्याला आज आपण एआर म्हणतो त्याला ते नाव मिळालं मात्र कारखान्यात. बोइंगमध्ये विमानाच्या वायरींच्या जुड्या बांधायला कामगार प्लायवुडच्या मोठमोठ्या फळ्या वापरत आणि प्रत्येक जुडीचा मार्ग फळीवर वेगळा आखलेला असे. टॉम कॉडेल आणि डेव्हिड मिझेल यांनी 1990च्या सुमारास विचार केला, की फळी कोरीच ठेवू आणि आखणी कामगाराच्या डोळ्यांपुढच्या काचेवर दाखवू. फळ्यांचा ढीग वाचवणं, एवढाच साधा हेतू होता. हे मुद्दाम सांगतो, कारण या क्षेत्रात जे जे टिकलं ते अशाच कुठल्या तरी फळीला धरून टिकलं, आणि जे माणसाचं आयुष्यच बदलायला निघालं ते बहुतेक आपटलं.

आपटण्याचा इतिहास मोठा मनोरंजक आहे, आणि लेखकानं तो चवीनं सांगितला आहे. गूगल ग्लास 2013 मध्ये 1500 डॉलरला आला. तो घालून हॉटेलात शिरणाऱ्यांना लोकांनी शिवीवजा नाव ठेवलं आणि 2015च्या जानेवारीत त्याची विक्री थांबली. कारखान्यांसाठीची त्याची आवृत्ती मागाहून आली, तीही 2023 मध्ये बंद झाली. मॅजिक लीप कंपनीनं शाळेच्या व्यायामशाळेत जमिनीतून उसळणारा देवमासा चित्रफितीत दाखवून दोन अब्ज डॉलरहून जास्त भांडवल उभं केलं. 2018 मध्ये यंत्र बाजारात आलं तेव्हा त्यात देवमासा मावण्याइतकी जागा नव्हती. मायक्रोसॉफ्टच्या होलोलेन्सनं ऑपरेशन थिएटरपासून लष्करापर्यंत मजल मारली, पण 2024 मध्ये त्याचंही उत्पादन थांबलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत अ‍ॅपलचा व्हिजन प्रो 3499 डॉलरला अमेरिकेत विक्रीला आला. आपल्या पैशात तीन लाखांच्या घरात. चित्र अप्रतिम, पण वजन सहाशे ग्रॅमच्या वर आणि बॅटरी वेगळी खिशात बाळगायची. आणि या सगळ्या महागड्या यंत्रांच्या मधेच, 2016च्या उन्हाळ्यात, पोकेमॉन गो नावाच्या एका खेळानं जगभरच्या माणसांना साध्या मोबाइलवर एआर खेळायला लावून रस्त्यावर आणलं.

यंत्रं कशी चालतात यावरून या क्षेत्रात घराणी पडली आहेत. पहिलं घराणं आरपार काचेचं. समोरचं जग काचेतून तुम्ही थेट पाहता आणि काचेत बसवलेला आरसा किंवा प्रकाशवाहिनी चित्राचा प्रकाश डोळ्यांत सोडते. दुसरं घराणं कॅमेऱ्याचं. डोळ्यांपुढे बंद पडदा, बाहेर कॅमेरे, आणि तुम्ही पाहता ते सगळं जग कॅमेऱ्यानं टिपून पडद्यावर आणलेलं. सदरलँडचं यंत्र आणि होलोलेन्स पहिल्या घराण्यातले, व्हिजन प्रो आणि मेटाचा क्वेस्ट 3 दुसऱ्यातले.

हा फरक पुस्तकात वाचून जेवढा कळतो त्याहून जास्त अंगणात कळतो. मार्च महिन्यात लेखक दोन्ही घराण्यांचं एकेक यंत्र घेऊन पुसेगावला आला होता. तेव्हा आमच्याकडे हळद काढून, शिजवून वाळत घातलेली. त्यानं काचेच्या यंत्रातून ढिगावर एक पिवळा बाण उभा केला आणि मला घालायला दिलं. भर दुपार होती. ढीग दिसत होता, अंगण दिसत होतं, बाणाचा पत्ता नव्हता. पत्र्याच्या शेडमध्ये गेलो तर बाण ठळक. कारण उघड आहे. अशी काच समोरच्या प्रकाशात आपला प्रकाश मिळवू शकते, समोरचा प्रकाश काढून घेऊ शकत नाही. म्हणूनच तिला काळा रंग दाखवता येत नाही. काळा म्हणजे तिच्या लेखी पारदर्शक. कचेरीतल्या दिव्याखाली 300 ते 500 लक्स उजेड असतो आणि मराठवाड्यातलं दुपारचं ऊन एक लाख लक्सच्या आसपास जातं. हे यंत्र ज्यांनी घडवलं त्यांच्या डोक्यात कचेरी होती, खळं नव्हतं.

कॅमेऱ्याच्या यंत्रानं तो बाण भर उन्हातही दाखवला. पण मग हळदही कॅमेऱ्याचीच. हळकुंड चांगलं वाळलं की नाही हे रंगाच्या एका छटेवरून ओळखणारी माणसं इथं घरोघर आहेत, आणि ती छटा पडद्यावर उतरली नव्हती. संध्याकाळी शेडमध्ये तर सगळं दाणेदार, जुन्या टीव्हीसारखं दिसायला लागलं. एकात जग खरं आणि चित्र फिकं, दुसऱ्यात चित्र पक्कं आणि जग उसनं. दोन्ही घराण्यांचे अभियंते गेली तीस वर्षं या पेचाशी झुंजत आहेत, आणि बाजारात येणारं प्रत्येक नवं यंत्र म्हणजे या दोहोंमधली एक नवी तडजोड असते.

मला जास्त ओढ आहे ती तिसऱ्या घराण्याची, आणि त्याचा एक धागा आपल्या नाशिकला जातो. रमेश रासकर नाशिकचे, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले, पुढे अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात पीएच.डी. करून एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये गेलेले. 1998 साली त्यांनी सहकाऱ्यांसह एक वेगळीच दिशा मांडली : माणसाच्या डोक्यावर काही चढवायचंच नाही, चित्र प्रोजेक्टरनं थेट वस्तूवरच टाकायचं. 2001च्या त्यांच्या प्रयोगात ताजमहालाची एक पांढरी प्रतिकृती होती. तिच्यावर दोन बाजूंनी प्रोजेक्टर असे जुळवले होते की संगमरवर, नक्षी, सावली, सगळं त्या कोऱ्या प्रतिकृतीवर उमटे. उजेड बदलला की ताजची वेळ बदलायची. 2005 मध्ये ऑलिव्हर बिंबर यांच्याबरोबर त्यांनी या शाखेवर ग्रंथच लिहिला. 2009 मध्ये गाजलेलं प्रणव मिस्त्री यांचं, गळ्यात प्रोजेक्टर अडकवायचं ‘सिक्स्थ सेन्स’ याच वाटेवरचं. मिस्त्रीही पवईच्या आयआयटीत घडलेले.

या शाखेला मर्यादा आहेतच. उन्हात तीही आंधळी होते, मोठा प्रोजेक्टर उचलून फिरता येत नाही, हवेत काही तरंगवता येत नाही. बाजारानं तिला मागे टाकलं यात नवल नाही. पण तिच्यात एक गोष्ट आहे जी कुठल्याही हेडसेटमध्ये नाही : चित्र खोलीतल्या प्रत्येकाला दिसतं.

आपल्याकडे पाहण्याच्या करमणुकीचे हे दोन प्रवाह फार आधीपासून आहेत. जत्रेतली बायोस्कोपची पेटी एका वेळी ज्याचा डोळा भोकाला त्याचीच. उलट कल्याणच्या महादेवराव पटवर्धनांनी 1892 साली सुरू केलेली शांबरिक खरोलिका, म्हणजे काचेवर हातानं रंगवलेली चित्रं दिव्याच्या झोतानं पडद्यावर टाकून सांगितलेल्या कथा, सगळ्या गावानं एकत्र बसून पाहायची. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 1913चा, म्हणजे त्याच्या वीसेक वर्षं आधी मराठी माणसानं अंधारात एकत्र बसून हलती चित्रं पाहिली होती. नंतर सिनेमानं दुसरा प्रवाह जिंकवला आणि मोबाइलनं पहिला परत आणला. हेडसेट हे त्या पेटीचं पुढचं रूप आहे, फक्त ही पेटी डोक्यावर बसते आणि जत्रा संपली तरी उतरत नाही.

बघ्यांचा हा प्रश्न कंपन्यांनाही टोचतो याचा पुरावा व्हिजन प्रोवरच आहे. अ‍ॅपलनं त्याच्या बाहेरच्या बाजूला आणखी एक पडदा बसवला, घालणाऱ्याचे डोळे बाहेरच्यांना दाखवायला. एवढा खर्च, एवढं वजन, का? तर समोरच्या माणसाला वाटू नये की आपण भिंतीशी बोलतो आहोत. आमच्या अंगणात असा पडदा नव्हता. यंत्र एकाच्या डोक्यावर आणि बाकीचे दहा-बारा जण भोवती उभे, ‘काय दिसतंय, काय दिसतंय’ करत. शेजारच्या आजी थोडा वेळ थांबल्या, ‘तुमचं तुम्हालाच दिसू द्या’ म्हणाल्या आणि हळद उलथायला निघून गेल्या.

शेतीच्या बाबतीत जे स्वप्न दाखवलं जातं त्याची परीक्षाही हळदीवरच घेऊ. पानावरचा करपा कॅमेऱ्याला ओळखता येईल. मोबाइलवरून फोटो काढून रोग ओळखणारी ॲप आजही आहेत. पण हळदीला खरा रडवणारा रोग कंदकूज. तो जमिनीखाली असतो. वर दिसतं ते एवढंच, की पानं कडेनं पिवळी पडून वाळत जातात, आणि पानं अन्नद्रव्यांच्या कमतरतेनंही पिवळी पडतात. ओळखायचं कसं? फुटवा धरून ओढायचा. सहज हातात आला आणि कुजका वास आला, तर कंदकूज. चष्म्याला वास येत नाही आणि तो फुटवा ओढत नाही. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात यंत्रमानव आणि ड्रोनवर डिजिटल शेतीचं काम झालेलं आहे, त्यामुळे या भागात असं तंत्रज्ञान नवलाचं राहिलेलं नाही. आमच्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला लायगो ही गुरुत्वीय लहरी टिपणारी, चार-चार किलोमीटर लांब बाहूंची वेधशाळा होऊ घातली आहे. मराठवाडा मागे आहे म्हणून चष्मा चालणार नाही, हे माझं म्हणणं नाही. चष्मा पाहतो तिथं रोग नाही, हे आहे.

आणि समजा, चष्मा उत्तम चालला. हलका झाला, उन्हात दिसायला लागला, पाच-दहा हजारांत मिळायला लागला. सप्टेंबर 2025 मध्ये मेटानं एका डोळ्यापुढे छोटा पडदा असलेला, नेहमीच्या चष्म्यासारखा चष्मा 799 डॉलरला जाहीर केला, तेव्हा ही काही फार दूरची कल्पना नाही. मग हिंगोलीच्या हळद मार्केटमधला लिलाव डोळ्यांपुढे आणा. पूर्वी अनेक बाजारांत व्यापारी रुमालाखाली बोटं दाबून सौदा करत. माल ज्याचा, त्याला भाव कळायचा सगळ्यात शेवटी. ती पद्धत मोडून उघड लिलाव आणायला मोठी खटपट करावी लागली. उघड लिलावाचा सगळा जीव यात आहे की ढीग एकच, तो सगळ्यांना सारखा दिसतो, हळकुंड मोडल्याचा आवाजही सगळ्यांना सारखा ऐकू येतो. उद्या बोली लावणाऱ्याच्या काचेवर सांगलीचा, निजामाबादचा त्या मिनिटाचा भाव आणि ढिगाकडे पाहून यंत्रानं काढलेला प्रतीचा अंदाज उमटत असेल, आणि शेतकरी बिनचष्म्याचा उभा असेल, तर रुमाल परत आला. आजही व्यापाऱ्याच्या खिशात मोबाइल असतो हे खरं. पण तो मोबाइल काढून बघतो आहे, हे निदान दिसतं.

हीच गोष्ट खासगीपणाची. चष्म्यातल्या कॅमेऱ्यावर बारीक दिवा असतो, चित्रण चालू असलं की तो लागतो. पण त्या चित्राचं पुढे काय होतं, हे दिवा सांगत नाही. 2024 मध्ये हार्वर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी बाजारातलाच असा चष्मा चेहरे ओळखणाऱ्या सेवेला जोडला आणि रस्त्यावरच्या अनोळखी माणसांची नावं-पत्ते काही क्षणांत काढून दाखवले. पुसेगावसारख्या गावात सगळे सगळ्यांना ओळखतातच, तेव्हा चेहरा ओळखला जाण्याचं आम्हाला काय भय, असं वाटेल. पण गावातलं ओळखणं दोन्ही बाजूंनी असतं. मी तुला ओळखतो हे तुला माहीत असतं. कायद्याचं म्हणाल, तर 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला आणि 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला. मात्र स्वतःच्या किंवा घरगुती कामासाठी माहिती हाताळणाऱ्या व्यक्तीला तो कायदा लागू नाही. कंपनीला जाब विचारता येईल, लग्नाच्या मांडवात चष्मा घालून फिरणाऱ्या पाहुण्याला या कायद्यानं विचारता येणार नाही.

डोळ्यांच्या आरोग्याबद्दल पालक विचारतात. थोडक्यात एवढंच : जवळची वस्तू पाहताना आपली बुबुळं आत वळतात आणि डोळ्यातलं भिंगही जवळ जुळतं, दोन्ही कामं एकत्र होतात. बहुतेक हेडसेटमध्ये भिंगाला मात्र एकाच ठरीव अंतरावर जुळवून राहावं लागतं. होलोलेन्समध्ये ते अंतर दोन मीटरचं होतं. ही ओढाताण थकवते. लहान मुलांनी वापरू नये असं कंपन्या स्वतःच सांगतात. क्वेस्टला दहा वर्षांची अट आहे, व्हिजन प्रोला तेरा.

भारतात या क्षेत्रात काहीच नाही असं समजू नये. जिओनं 2020 मध्ये 75 ग्रॅमचा चष्मा जाहीर केला होता. 2014 मध्ये सुरू झालेली ठाण्याची अजनालेन्स हेडसेट बनवते आणि तिचा भर वेल्डिंग, रंगकाम अशा कामांच्या प्रशिक्षणावर आहे. पुन्हा बोइंगची फळी. मला या दिशेवर जास्त विश्वास वाटतो. भाषेची बाजू मात्र अजून कच्ची आहे. काचेवर इंग्रजी अक्षर बारीक केलं तरी वाचता येतं, पण आपला ‘क्ष्म्य’ किंवा ‘द्ध्य’ मोजक्या ठिपक्यांत बसवला तर नुसता डाग उमटतो. पुण्याच्या सी-डॅकनं संगणकावर भारतीय लिप्या आणायला जेवढी मेहनत घेतली तेवढी इथं कुणी तरी पुन्हा घ्यावी लागेल.

लेखकानं या पुस्तकात काय करू पाहिलं आहे? त्यानं कंपन्यांची विक्रीपत्रकं बाजूला ठेवून प्रकाशशास्त्रापासून सुरुवात केली आहे आणि प्रत्येक आश्वासनाला ‘कुठल्या उजेडात, किती वेळ, कुणाच्या डोक्यावर’ असे तीन प्रश्न विचारले आहेत. गणित आहे, पण दहावीच्या पलीकडचं नाही. ज्यांना तेवढंही नको त्यांनी आपटलेल्या यंत्रांच्या गोष्टींपासून वाचायला हरकत नाही. त्याचा कल हेडसेटच्या बाजूनं आहे, तो त्यानं लपवलेला नाही. एकाच वेळी अनेकांच्या चष्म्यांत तेच चित्र त्याच जागी दाखवता येतं, तेव्हा तुमची तक्रार दहा वर्षांत निकाली निघेल, असं त्यानं मला उत्तर दिलं आहे आणि शेवटच्या लेखात ते सविस्तर मांडलंही आहे. माझं म्हणणं, तेच चित्र दिसण्यासाठी आधी सगळ्यांकडे चष्मा हवा, तोही एकाच कंपनीचा किंवा एकमेकांशी बोलणारा, आणि काय दाखवायचं हे ठरवणारा तिसराच कुणी. यावर आमचा वाद मिटलेला नाही. पुस्तकात मोंढ्याबद्दल एक ओळही नाही, ही माझी खरी तक्रार आहे. पुढच्या आवृत्तीआधी त्यानं हळदीच्या हंगामात चार दिवस लिलावाच्या ओट्यावर बसून एक लेख लिहावा असं मी त्याला सांगितलं आहे, आणि तो येतो म्हणाला आहे.

पुसेगाव, ता. सेनगाव, जि. हिंगोली